वेळेआधी उतरलेल्या चष्म्याची हकिकत

सकळ सोफानशीन, रिमोटधारक आणि घरच्या मंडळीस वचकून असणाऱ्या सज्जनांस विदित व्हावे. दिवाणखान्याच्या मुलखात जो संग्राम जाहला, त्यास कोणी घरगुती कुरबूर म्हणेल, तर म्हणणाऱ्याने आधी आपले घर तपासावे. घडले तैसे लिहिले. पदरचे घातले ते शोभेपुरते.

राजश्री चष्मेवाले, नाक्यावरील चष्म्यांच्या दुकानाचे खावंद, आणि त्यांचे कुटुंब डॉक्टरीणबाई, दातांच्या दवाखान्याच्या मुखत्यार, यांचा दिवस ऐसा जाई की हे लोकांच्या डोळ्यांत आणि त्या लोकांच्या तोंडात, एकमेकांकडे पाहण्यास फुरसत नाही. म्हणोन उभयतांनी तह केला होता की संध्याकाळी जेवण उरकल्यावर एक तास टीव्हीपुढे एकत्र बसावे, आणि जी मालिका एकत्र धरली तिचा भाग कोणी एकट्याने पाहू नये; पाहील तो बेइमान. चष्मेवाल्यांच्या मातोश्री या तहास साक्षीदार होत्या, आणि सोफ्याचा मधला मुलूख त्यांच्या जहागिरीत होता.

ऐसियास एक नवी मालिका आली. मजकूर बाहेरख्यालीचा, थरार मनाचा. त्यातील नायिका मनाची डॉक्टर, साऱ्या जगाचे मन ओळखते, फक्त नवऱ्याचे लफडे तिला ठाऊक नाही. दुकानी गिऱ्हाईक नंबर तपासून घेता घेता, अक्षरे वाचावयाची सोडून, तिचीच तारीफ सांगे. चष्मेवाल्यांचा धीर सुटला. एके दुपारी शुकशुकाट पाहोन त्यांनी मोबाईल काउंटरवर उभा केला, आणि पाचच मिनिटे पाहू ऐसा मनाशी ठराव केला, आणि मग पाचाची दहा जाहली, आणि मग पहिला भाग समूळ फस्त जाहला. बाहेरख्यालीची मालिका घराबाहेर पाहिली, याहून थोर बाहेरख्याली ती कोणती?

त्याच संध्याकाळी तोच भाग घरी लागला. ठाऊक आहे ते ठाऊक नाही ऐसे भासविणे, ही मोहीम बिकट. चष्मेवाले जागोजागी चकित जाहले, आणि बाईंनी प्रथमदर्शनी मत विचारताच गंभीरपणे बोलिले की घराच्या भिंती काचेच्या, तरी आत लफडे लपते, तर या लोकांस नंबर तपासून घेण्याची गरज आहे. डॉक्टरीणबाईंचा निवाडा पडला की नायकाचे दात इतके पांढरे, की संशय तिथेच यावयास हवा होता. मातोश्रींची तक्रार एकच.

"अरे, एवढं मोठं घर आणि एक दिवा लावत नाहीत? अंधारात कुणीही कुणाचा नवरा होईल!"

येथवर फौज शाबूत होती. परंतु चष्मेवाल्यांस एक जुनी खोड. जन्मभर दुसऱ्यांस स्पष्ट दिसावे म्हणोन झटले, आणि पडद्यावर रक्त येणार ऐसे वाटताच स्वतःचा चष्मा उतरवीत, म्हणजे सगळे पुसट. त्या समयी नायिका आरशापुढे निवांत केस विंचरीत होती, ऊन पडले होते, संगीत मधुर चालले होते, आणि चष्मेवाल्यांचा हात आपसूक वर गेला आणि चष्मा मांडीवर आला. आणि मग आरसा फुटला, किंकाळी जाहली, रक्त उडाले, आणि डॉक्टरीणबाईंचा चहा सोफ्यावर सांडला. दिवसभर लोकांच्या दाढांवर न थरथरणारा तो हात, टीव्हीवर धडाका जाहला की हमखास दगा देई, हे साऱ्या घरास माहीत.

बाईंनी चहा पुसला नाही. आधी टीव्ही थांबवला.

"अहो, चष्मा कधी काढलात?"

"आत्ता. रक्त आलं तेव्हा."

"ती केस विंचरत होती तेव्हा काढलात. केसांना कधीपासून घाबरायला लागलात?"

मातोश्रींनी साक्ष दिली. "लहानपणीही निकाल लागायच्या आधीच रडायचा."

आणि मग पेशंट नको नको म्हणत असता किडकी दाढ मुळासकट यावी, तैसा कबुलीजबाब बाहेर आला.

"दिवसातला एक तास आपला आहे," बाई बोलिल्या, "तोही तुम्ही मोबाईलला देऊन आलात."

यावर चष्मेवाल्यांस खरोखर लाज वाटली आणि मान वर होईना. फर्मान सुटले की रिमोट जप्त, सोफ्याचे कव्हर दोषीने धुवावे, आणि दुसरा भाग उद्या, सर्वांनी मिळोन.

दुसरे दिवशी दुकानी कोणी मालिकेचे नाव काढले तरी चष्मेवाले कानांवर हात ठेवीत. डॉक्टरीणबाई दवाखाना बंद करून दुपारी जेवावयास घरी येत, आणि रिमोट त्यांच्याच पर्समध्ये कैद होता, हेही येथे नमूद असावे.

संध्याकाळी दुसरा भाग लागला. अंधार कालच्याहून दाट, तरी मातोश्री दिव्याविषयी चकार शब्द बोलेनात. पडद्यावर नायक स्वयंपाकघरात मुकाट्याने सफरचंद कापीत होता. इतक्यात बाईंनी ओठांशी नेलेला कप खाली ठेवला, टेबलाच्या मध्यभागी सारला, आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बैसल्या. आणि मग खिडकीवर धाडकन मूठ आदळली. चष्मेवाले उडाले. बाई हलल्या नाहीत. चहाचा थेंब सांडला नाही.

चष्मेवाल्यांनी कपाकडे पाहिले, मग मातोश्रींकडे पाहिले, तो मातोश्री पंख्याकडे पाहू लागल्या. सगळे ध्यानी आले. आता एक शब्द काढावा तर रिमोट परत येत होता, वर धुतलेल्या कव्हराचा सूडही उगवत होता.

"असं काय बघताय?" बाई बोलिल्या, परंतु कानाच्या पाळ्या लाल जाहल्या होत्या. चष्मेवाल्यांनी त्यांस इतके नीट कितीएक दिवसांत पाहिले नव्हते. त्यांस त्या फार आवडल्या.

"काही नाही गं. दचकलो. पहिल्यांदाच बघतोय ना मी."

थोड्या वेळाने मातोश्रींच्या पाठीमागून बाईंचा हात आला आणि रिमोट चष्मेवाल्यांच्या तळव्यात ठेवोन, तेथेच राहिला.

इतक्यात मातोश्री जांभई देत उठल्या. "चला, मी पडते. शेवटी तो नाही मारत तिला, तीच निघून जाते. तुम्ही उगाच जीव टांगून बसू नका."

साक्षीदारानेच आपल्या मोबाईलवर सगळे भाग उरकले होते! मालिका तेथेच बुडाली, तास मात्र उरला होता. उभयतांनी एकमेकांकडे पाहिले, टीव्ही बंद केला, आणि मग रिकाम्या पडलेल्या जहागिरीकडे दोन्ही बाजूंनी सरकले. येणेप्रमाणे सोफ्याचा मधला मुलूख, जो लग्न जाहल्यापासून हाती आला नव्हता, तो एकही भांडे न आपटता काबीज जाहला. फत्ते उभयतांच्या नावे रुजू असे.