हळदीची यादी आणि आगाऊ पट्टी

ऋतिकाने मांडवाची सजावट शोधायला ब्राउझरमध्ये 'हळद' असं टाइप केलं, आणि पानाच्या सगळ्यात वर तिच्या वडिलांची यादी उघडी पडली.

"बाबा, ह्ये काय हाय? 'आक्का : हिला काही सांगू नये. गावभर दवंडी पिटायची असेल तरच सांगावं.'"

चांगदेव भोईरांच्या कपातला चहा बशीत आला. लेकीची हळद चार दिवसांवर होती, आणि वळ गावात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठं काम. कोणाला कोणाशेजारी बसवलं यावरून रुसलेला माणूस पुढच्या लग्नापर्यंत रुसलेलाच राहतो. म्हणून चांगदेवांनी तीन आठवडे एका बोटाने टाइप करून पावणेतीनशे नावांची यादी केली होती. शेवटचा रकाना शेऱ्यांचा. वहीत लिहिण्याची सोय नव्हती, कारण लग्नासाठी महिनाभर आधीच गणेशपुरीहून एसटीने आलेली त्यांची थोरली बहीण, आक्का, भाकरीखालचा कागदसुद्धा वाचून मग भाकरी खायची. कॉम्प्युटर तेवढा तिच्या तावडीतून सुटला होता.

चांगदेवांनी निजामपुऱ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या नरेंद्रला फोन लावला.

"काका, ब्राउझरला मागच्या महिन्यात नवी पट्टी बसली ना, ती तुमच्या सगळ्या फायली वाचून ठेवते. शोधायला सोपं पडतं."

"माज्या फायली वाचाला तिला सांगला कोनी?"

"तुम्हीच. तिने विचारलं असणार, तुम्ही 'हो' दाबलं असणार."

विचारलं होतं खरं. पण दारात येऊन कोणी 'आत येऊ का' म्हटलं तर नाही म्हणायची रीत भोईरांच्या घरात नव्हती. पाणी विचारायचं तेवढं राहिलं होतं.

"मंग आता दुनियेला दिसतंय?"

"नाही हो. फक्त तुमच्याच कॉम्प्युटरवर."

चांगदेवांना हे पटेना. जी बया घरात शिरून कपाटं वाचते, ती बाहेर जाऊन गप्प बसेल? घरात आक्का असलेल्या माणसाला ते पटणं शक्यच नव्हतं. त्यांनी यादी पुसून टाकली आणि पुन्हा 'हळद' टाइप केलं. यादी जागच्या जागी! पट्टीने नक्कल करून ठेवली होती. नरेंद्र म्हणाला, उद्या येतो, आज इकडे लाईट नाही. चांगदेवांनी डोक्याला हात लावला. एवढी इमानी मोलकरीण त्यांना आयुष्यात मिळाली नव्हती, आणि मिळाली ती ही.

तेवढ्यात व्याही राघोशेठ हजर. हातात सीडी.

"बॅनरचा डिझाईन आनलाय. लावा कॉम्प्युटर."

"लाईट न्हाय," चांगदेव म्हणाले. डोक्यावर पंखा गरगरत होता. राघोशेठने पंख्याकडे पाहिलं, मग चांगदेवांकडे, आणि स्वतःच कॉम्प्युटरपुढे खुर्ची ओढली.

बॅनर पाहून झाला. पण राघोशेठ उठेनात. "माज्या साडूचा नाव इंटरनेटवर येतंय. माजा येतंय का बगू." कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी स्वतःच नाव टाइप केलं.

'राघोशेठ : माणूस भला. पण तोंड उघडलं की आवरत नाही. आक्काजवळ बसवू नये, दोघं मिळून लग्न मोडतील.'

चांगदेवांनी डोळे मिटले. एकुलत्या एका लेकीचं लग्न त्यांनी स्वतःच्या बोटाने मोडलं होतं. आता शिव्या येतील म्हणून ते वाट पाहत राहिले. शिव्या आल्या नाहीत. राघोशेठने त्यांचे दोन्ही हात धरले.

"इंटरनेटवर माज्याबद्दल असा लिवलाय? त्याला तुमची आक्का पन म्हाईत? चांगदेवशेठ, पाया पडतो, कोनाला सांगू नका. या बदनामीपायी लगीन मोडू नका."

ऋतिकाने तोंड उघडलं. चांगदेवांनी तिला डोळ्यांनी दटावलं, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

हळदीच्या संध्याकाळी नवऱ्याकडची उष्टी हळद घेऊन राघोशेठ मांडवात आले आणि खांबासारखे बसले. पाणी विचारलं, मान हलवली. जेवण कसं आहे विचारलं, मान हलवली. एरवी तीन गावांचं बोलणं एकटा बोलणारा माणूस! आक्काने तासाभरात पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचवलं : व्याही रुसले, उद्या वऱ्हाड येत नाही. पाटावर पिवळी झालेली ऋतिका रडायला लागली. ते पाहून चांगदेवांचा धीर सुटला. त्यांनी राघोशेठना वाजवायला बसलेल्या बेंजोवाल्यांच्या मागे नेलं.

"व्याही, बोला काईतरी. लोका काय काय बोलतान."

"नको. दुनिया वाचते."

"दुनिया न्हाय वो!" बेंजोवर आवाज चढवत चांगदेव ओरडले. "मी लिवला. माज्या हातांनी. दुसऱ्या कोनाला दिसला पन न्हाय."

राघोशेठने कान पुढे केला.

"तुमी एकल्यानीच?"

"मी एकल्यानीच."

"आवो, मंग आदी सांगाचा ना! मना वाटला सगल्या जगाला म्हाईत झाला. आमची बायको पन ह्येच बोलते, म्हनून मी तिला कवा टाकलंय?" आणि चार दिवस कोंडलेलं बोलणं सुटलं. साडू, साडूची गाडी, बॅनरचा रंग, मटणातलं मीठ.

लग्न वाचलं होतं. खांबाला टेकून चांगदेवांनी डोळे पुसले, आणि तेव्हा त्यांना खांबाच्या पलीकडे आक्का दिसली. हातात हळदीची वाटी, कान इकडे. ती तिथे कधीपासून उभी होती, ते विचारण्यात अर्थ नव्हता.

"चांग्या," एवढ्या गोंगाटातही ऐकू जावं म्हणून आक्का जीव खाऊन ओरडली, "आनि माज्याबद्दल काय लिवलंस?"

नेमका त्याच वेळी बेंजो थांबला.