खुशालरावांच्या बोऱ्यातला दगड

मनकर्णाबाईंनी दगडाच्या आंघोळीसाठी पाणी तापत ठेवलं, तेव्हा ओट्यावर बसलेल्या अब्दुल गफ्फारने कपाळाला हात लावला.

"बाई, त्याले पानी लावू नोका. गंजून जाईन थो."

"मंग देवाले काय बिनआंघोयीचा बसवू?"

"देव नोका म्हनू त्याले अजून. आंधी सायबाले पाहू द्या."

दगड भातकुलीजवळ मनकर्णाबाईंचे यजमान खुशालराव यांच्या वावरात भर दुपारी पडला होता. आधी ढग नसताना गडगडलं, मग शीळ वाजली आणि तुरीच्या धसकटांत धूळ उडाली. आकाराने नारळाएवढा, पण उचलायला गेलं तर पाट्याएवढा जड. गावात लगेच दोन तट पडले. एकाचं म्हणणं, शेंदूर फासून मारुतीशेजारी बसवा. दुसऱ्याचं, शिवेबाहेर फेका. दोन्ही टळावं म्हणून खुशालरावांनी तो घरी आणून डाल्याखाली झाकला होता. डाल्याखाली पूर्वी कोंबडी असे. तिची काही तक्रार नव्हती, पण ती ओसरीतून हलतही नव्हती.

अब्दुल गफ्फार गावोगाव अत्तर-सुरमा विकी, आणि अकोल्याच्या एका साहेबासाठी असले दगड हुडकी.

"सायबापाशी आभायातल्या दगडाइचं कपाटच हाय," तो म्हणाला. "दुसऱ्या सायबापाशी येगळा असला का आपला एक तुकडा देते, त्याचा एक घेते. लेकरं गोट्या बदलते तसं."

"मंग त्यातून त्याले काय भेटते?" खुशालरावांनी विचारलं.

"त्याले अजून दगड भेटते. आननाऱ्याले मातर मांगच्या खेपी घोडा देल्ला."

घोडा म्हटल्यावर नवराबायकोंनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या जमुनाची सोयरीक अकोल्याचे अडते वामनराव यांच्या मुलाशी जमत आली होती आणि घोड्यापाशीच अडली होती. दिवस तसेच होते. सातासमुद्रापार अमेरिकेत भावाभावांत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस थांबला होता, आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. अमेरिका कुठे आहे हे भातकुलीत कुणाला ठाऊक नव्हतं, पण त्या भावांचा समेट होऊ नये म्हणून शेजारच्या गंगूबाईंनी देवीला नवस बोलून ठेवला होता. अशा दिवसांत नवरदेव भाड्याच्या घोड्यावर कसा बसणार, हा वामनरावांचा प्रश्न होता.

"आनतो मी दगड," खुशालराव म्हणाले.

"आना. पन धक्का लागू देऊ नोका. रुईत नीट गुंडाया. सायब बी तसाच ठेवते."

खुशालरावांनी शब्द पाळला. कापसाला तोटा नव्हता. त्यांनी कापसाने भरलेला एक बोरा उसवला, दगड बरोबर मधोमध ठेवला, वरून कापूस दाबला आणि तोंड शिवून तो बोरा बाकीच्या बोऱ्यांसोबत गाडीत चढवला. एरवी त्यांचा माल अमरावतीला जाई. या खेपेस अकोल्याला नेऊ, वामनरावांच्या अडतीवर घालू, सोयरीक पक्की करू आणि दगडही तिथेच गफ्फारच्या साहेबाच्या हाती देऊ, असा बेत ठरला. घर पाहायला मनकर्णाबाईही गाडीत बसल्या.

कापसात दगड घालण्याला त्या काळी दुसराही एक अर्थ होता, आणि तो साऱ्या वऱ्हाडाला माहीत होता. कापसात घातलेला दगड कापसाच्या भावाने जाई. पण अमरावतीच्या बाजारात खुशालरावांच्या बोऱ्यात आजवर कुणी हात घातला नव्हता. त्यांचा कापूस म्हणजे पानाचा चुरासुद्धा नाही, अशी ख्याती. सरळ माणसाची एक अडचण असते. चोरी दिसते कशी, हे त्याला कळत नाही.

अकोल्यात वामनरावांनी होणाऱ्या व्याह्यांचा माल म्हणून चार व्यापाऱ्यांना मुद्दाम बोलावून ठेवलं होतं.

"पाहून घ्या," ते म्हणाले. "आमच्या इवायाचा कापूस हाय. कोनताबी बोरा खोला."

"खोला ना," खुशालराव म्हणाले. "थो एक सोडून."

व्यापाऱ्यांच्या माना एकदम वळल्या.

"थो एक काहून सोडाचा?" वामनरावांनी विचारलं.

"त्याच्यात दगड हाय."

हे त्यांनी भाव सांगावा इतक्या सहज सांगितलं. बोऱ्यात दगड निघणं नवीन नव्हतं. निघण्याआधी मालकाने सांगणं नवीन होतं. हमालाने बोरा फाडला. दगड निघाला.

"आभायातून पडला हाय थो," खुशालराव म्हणाले.

अकोल्याच्या बाजाराने दगडाची पुष्कळ कारणं ऐकली होती. बैलाने लाथ मारली, पोराने खेळताना टाकला, सवतीच्या भावाने दावा साधला. पण आभाळावर अजून कुणी ढकललं नव्हतं. एक व्यापारी इतका हसला, की त्याचं पागोटं सुटलं.

वामनराव मात्र हसले नाहीत. "खुशालराव," ते म्हणाले, आणि मघाचं 'इवाई' कुठे गेलं ते मनकर्णाबाईंच्या लगेच ध्यानात आलं. "चार लोकाइत नाक कापलं तुमी माह्यं. ज्याच्या कापसात दगड, त्याच्या घरची पोरगी मी कशी करू?"

"मोजाच्या आंधी काढनारच होतो मी."

"असंच म्हनते सारे."

बाजाराच्या रिवाजाप्रमाणे हमालाने दगड वजनकाट्यामागच्या ढिगावर भिरकावला. बोऱ्यांतून निघालेले गेल्या सालापासूनचे दगड तिथे साचले होते. काळ्या मुलखातले काळेच दगड ते. खुशालरावांचा त्यात पडला आणि त्यांच्यातलाच झाला.

अब्दुल गफ्फार साहेबाला घेऊन आला तो तेवढ्यात.

"कुठं हाय?" गफ्फारने विचारलं. खुशालरावांनी ढिगाकडे बोट दाखवलं. गफ्फारने साहेबाला सांगितलं. साहेबाने टोपी काढली, तो गुडघ्यावर बसला आणि ढीग उपसू लागला. खिशातून त्याने लोखंड जवळ आलं की फिरणाऱ्या सुईची डबी काढली. एकेका दगडाजवळ ती धरायची, सुई हलली नाही की दगड बाजूला.

बाजार थांबला. साहेब दगड वेचतो आहे आणि बदल्यात घोडा देतो, ही बातमी फिरायला वेळ लागला नाही. कालपर्यंत त्या ढिगातला एकही दगड कुणाचा नव्हता. आता त्याला मालक फुटू लागले.

"थो चपटा माह्या बोऱ्यातला हाय."

"खोटं बोलू नको. माह्याच बोऱ्यातला हाय थो. चांगला आठवते मले, मीच टाकला होता."

सुई एकदाची गर्रकन फिरली. साहेबाने दगड छातीशी धरला. मग तो गफ्फारशी काहीतरी बोलला.

"अस्सल हाय," गफ्फार म्हणाला. "सायब म्हनते, घोडा पसंत करून घ्या."

खुशालरावांनी हात जोडले. "घोडा राहू द्या. फक्त या लोकाइले सांगा, का म्या बेइमानी नाई केली."

गफ्फारने सांगितलं. साहेबाने दगडाकडे पाहिलं, मग खुशालरावांकडे पाहिलं, आणि बराच विचार करून उत्तर दिलं.

"सायब म्हनते, दगडाचं मी सांगू शकतो. मानसाचं मले समजत नाई."

मनकर्णाबाईंनी पदराने डोळे पुसले. खुशालराव गाडीकडे वळले. साहेबाला आता चटक लागली होती. त्याने ढीग पुढे उपसायला घेतला आणि सुई पुन्हा फिरली. मातीने माखलेला एक ओबडधोबड, जड गोळा त्याच्या हातात होता.

"हे कोनाचं?" गफ्फारने विचारलं.

मघाचे मालक पुढे सरकले, पण त्यांच्याआधी एक आवाज आला.

"माह्यं हाय थे."

वामनराव होते.

"तुमचं?" गफ्फार म्हणाला. "तुमी तं अडते. तुमच्या मालात कसं काय?"

वामनरावांनी आजूबाजूला पाहिलं. चारही व्यापारी कान देऊन उभे होते. पण साहेबाच्या हातातला गोळा घोड्याएवढा दिसत होता.

"म्याच टाकलं होतं," ते म्हणाले. "मांगच्या साली, मुंबईच्या शेठच्या मालात. मले वाटलं साधा दगड हाय. आभायातला हाय हे मले का मालूम?"

साहेबाने रुमालाने माती पुसली. आणखी पुसली. मग तो गोळा गफ्फारच्या हातात दिला. गफ्फारने तो उलटापालटा करून पाहिला.

"वामनराव, हे आभायातून नाई पडलं. तराजूतून पडलं हाय. लोखंडी मापाचा तुटका तुकडा हाय हा."

पागोटं सुटलेला व्यापारी आता हसला नाही. तो आपल्या मुनिमाकडे वळून एवढंच म्हणाला, "आपला मांगचा माल जरा पाहून घे."

मग वामनराव हळूहळू गाडीपाशी आले. खुशालराव खाली पाहून बैलांची शिंगं चाचपत होते; दुसऱ्याची फजिती झाली तरी त्यांनाच लाज वाटत होती.

"इवाई," वामनराव म्हणाले, "झालं गेलं सोडून द्या. चला घरी, जेवन थंडं होऊन राहिलं. लेकराइच्या सोयरीकीचं काय म्हनता मंग?"

खुशालरावांनी बायकोकडे पाहिलं. मनकर्णाबाईंनी फाडलेल्या बोऱ्याचा कापूस गोळा करून पुन्हा आत भरला होता आणि गाडीत बसून त्या त्याचं तोंड शिवत होत्या.

"पोरगी देतो आमी तुमच्या घरी," त्या दोरा दाताने तोडत म्हणाल्या. "पोरगं चांगलं हाय. कापूस मातर अमरावतीलेच नेतो."