ओल्शिना स्टॉपवरची दफनभूमी स्पेशल

शहराची ट्रामसेवा सुधारायला किती वेळ लागतो? मोठ्या माणसांना विचाराल तर वीस वर्षं सांगतील, वर एक समितीही नेमतील. कालिनाला विचाराल तर फक्त एक शनिवार-रविवार, आणि त्यातही रविवारी दुपारी आईच्या हातचं सूप प्यायला सवड!

सोळा वर्षांची कालिना नुकतीच प्रोग्रॅम लिहायला शिकली होती. नवी सायकल मिळाली की सगळे रस्ते उताराचेच वाटतात, तसं तिचं झालं होतं. शहराने ट्रामची सगळी माहिती इंटरनेटवर सगळ्यांना खुली करून ठेवली होती. कुठली ट्राम आत्ता कुठे आहे, कुठल्या स्टॉपवर किती चढले, किती उतरले, व्हीलचेअरसाठी रॅम्प उघडला की नाही, सगळं! हवं त्याने घ्यावं, हवं ते करावं.

आणि ह्याच आकड्यांवर बोट ठेवून शहर ओल्शिनाचा स्टॉप बंद करायला निघालं होतं. म्हणे तिथे कुणी चढतच नाही. ओल्शिना म्हणजे कालिनाच्या इमारतीसमोरचाच स्टॉप. पुढचा पार टेकडीपलीकडे. इमारतीत निम्मी माणसं म्हातारी. स्टॉप गेला की ती घरात कोंडली जाणार, आणि सगळ्यात आधी तिसऱ्या मजल्यावरच्या स्तेफानियाकाकू. त्यांचा गुडघा जिने उतरतानाच इतका कुरकुरायचा, की टेकडीचं नावही त्याच्यासमोर काढायची सोय नव्हती. शुक्रवारच्या बैठकीत निकाल लागणार होता.

कालिनाचं म्हणणं साधं होतं. गाडी कधी येणार ते कळत नाही, म्हणून लोक खाली उतरत नाहीत. कळलं की उतरतील, चढतील, आकडे वाढतील, स्टॉप वाचेल. तिने घरातला जुना टीव्ही खाली टपालपेट्यांच्या शेजारी टांगला आणि त्यावर ओल्शिनाला येणाऱ्या गाड्या दाखवायला सुरुवात केली. सोमवारी दुपारपर्यंत सगळी इमारत तिचं कौतुक करत होती. संध्याकाळी झेनोनकाका तिच्या दारात उभे राहिले, तेव्हा त्यांचा चेहरा मैद्याच्या पोत्यात बुडवून काढल्यासारखा झाला होता.

झेनोनकाका म्हणजे भूमितीचे निवृत्त मास्तर. देवावरसुद्धा सिद्धतेशिवाय विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा बाणा. अंधार पडता पडता त्यांना पडद्यावर ‘दफनभूमी स्पेशल’ येताना दिसली होती. ही गाडी वर्षातून एकदाच धावते, एक नोव्हेंबरला, सगळं शहर शेवंती आणि मेणबत्त्या घेऊन आपापल्या माणसांच्या कबरींकडे निघतं तेव्हा. एक नोव्हेंबर तर अजून पुढच्या आठवड्यात होता! एवढ्या लवकर कशी सोडली, म्हणून काका काठी टेकत स्टॉपवर गेले. बाहेर धुकं. गाडी आली नाही. परत येऊन पाहतात तर पडदा म्हणतो, गाडी आली आणि गेलीसुद्धा.

"अकरा जण चढले म्हणतोय तुझा पडदा," काका खालच्या आवाजात म्हणाले. "कालिना, तिथे मी एकटाच होतो."

कालिनाने त्यांना ऐटीत समजावलं, की डेटा हा डेटा असतो, डोळे चुकतात. हे वाक्य तिने बोलायला नको होतं! काका गेले ते थेट दुसऱ्या मजल्यावर, गेनोवेफाबाईंकडे. आणि गेनोवेफाबाईंना काही सांगणं म्हणजे चर्चच्या घंटेला दोर बांधून माकडाच्या हाती देणं.

मंगळवारी संध्याकाळी स्टॉपवर अर्धी इमारत हजर. गेनोवेफाबाईंनी काचेच्या भांड्यातली, कबरीवर ठेवतात ती मेणबत्ती आणली होती. धुक्यात दिव्याचा खांबसुद्धा कुणीतरी उंच माणूस मान खाली घालून उभा असावा तसा दिसत होता. कालिना हातातल्या फोनवर तोच पडदा बघत होती. स्पेशल आली. रूळ खरंच हलके हलके गुणगुणायला लागले. मेणबत्तीची ज्योत एका बाजूला वाकली आणि तशीच वाकून राहिली.

"झेनोन, बाजूला हो," गेनोवेफाबाई कुजबुजल्या. "रांगेत आहेत ते."

आणि भूमितीचे मास्तर मुकाट्याने दोन पावलं मागे सरले! सगळ्यांनी मधे वाट करून दिली. तिथून कुणीच गेलं नाही, पण जे गेलं नाही त्याची थंडी मात्र प्रत्येकाच्या पोटरीला लागली. फोनवर आकडा उमटला: चढले अकरा, उतरलं कुणी नाही. त्याखाली आणखी एक ओळ: रॅम्प उघडला.

ओल्शिनाला रॅम्प लागायचा तो एकाच माणसाला, स्तेफानियाकाकूंच्या नवऱ्याला, व्हीलचेअरवरच्या हिएरोनिमकाकांना. त्यांना तर मार्चमध्येच पुरलं होतं. सगळ्यांनी हळूच माना वळवल्या. स्तेफानियाकाकू बाकावर बसल्या होत्या, शालीत हात घालून, रुळांकडे बघत.

इतक्यात धुक्यातून खरीखुरी गाडी आली, दफनभूमीवरून जाणारी रोजची सात नंबर. गुणगुणत होते ते रूळ तिच्यामुळे, पण ते कोण लक्षात घेतो! चालकाने दार उघडलं. समोर मेणबत्तीभोवती उभी माणसं, आणि एकही जण हलत नाही.

"चढताय की नाही?"

"तुमची नाही हो," गेनोवेफाबाई नम्रपणे म्हणाल्या. "आमची दुसरी आहे."

चालकाने आरशात मागे पाहिलं. मागे नुसतं धुकं होतं. त्याने दार इतक्या घाईने लावलं की स्वतःचंच नाक अडकायचं थोडक्यात वाचलं. बुधवारी त्याच्या काचेला मरियामातेचं चित्र लटकत होतं.

बुधवारी गर्दी दुप्पट झाली, मेणबत्त्याही वाढल्या, आणि कालिना धास्तावली. भुतांमुळे नव्हे! तिने सात नंबरचे आकडे उघडून पाहिले होते. इतके दिवस संध्याकाळी निदान चार-पाच माणसं चढायची. आता सगळी इमारत स्टॉपवर उभी, पण जिला कुणी डोळ्यांनी पाहिलं नाही त्या गाडीची वाट बघत. खरी गाडी यायची आणि रिकामीच निघून जायची. मंगळवारपासून आकडा शून्य! दोन दिवसांवर बैठक, आणि ओल्शिनाला चढणारी माणसं फक्त मेलेली.

गुरुवारी तिने शाळेत, इतिहासाच्या तासाला, बाकाखाली स्वतःचा प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचून काढला, आणि तिचे कान गरम झाले. पडदा नीट चालतो का हे बघायला तिला एक भरगच्च दिवस हवा होता. ओल्शिना भरगच्च असतं ते फक्त एक नोव्हेंबरला, म्हणून तिने गेल्या वर्षीच्या त्या दिवशीच्या, संध्याकाळच्या स्पेशलची नोंद आत घातली होती. ती काढायची राहून गेली. प्रोग्रॅमला वेळ कळत होती, तारीख कळत नव्हती. रोज संध्याकाळी तो इमानेइतबारे गेल्या वर्षीची गाडी ओल्शिनाला आणत होता.

संध्याकाळी ती स्टॉपवर स्तेफानियाकाकूंच्या शेजारी जाऊन बसली. बाकीच्यांना सांगणं सोपं होतं, हसले असते. काकूंना कसं सांगायचं?

"काकू, ती गाडी आजची नाही," ती एकदाची म्हणाली. "गेल्या वर्षीची आहे. माझ्याकडून चुकून राहिली."

"मला माहीत आहे," काकू म्हणाल्या. "रॅम्पचं बटण मीच दाबलं होतं ना."

मग काकूंनीच सांगितलं. त्या दिवशी गर्दी फार होती. चालकाने हिएरोनिमकाकांची खुर्ची आत घेतली, मागून लोंढा आला, दार लागलं, आणि काकू शेवंतीची कुंडी धरून खालीच राहिल्या. काचेतून काका हसत होते. जन्मभर त्यांची तक्रार होती, की हिचं आवरत नाही म्हणून आपल्याला उशीर होतो. त्या दिवशी एकदाचे ते पुढे निघाले. काकू मागच्या गाडीने गेल्या. ते दफनभूमीच्या फाटकाशी थांबले होते.

"म्हणून रोज खाली येते," काकू म्हणाल्या. "त्याला जाताना बघते आणि वर जाऊन जेवते. तू आता ते काढून टाकणार असशील."

कालिनाने होकारार्थी मान हलवली. फोनवर स्पेशल आली, रॅम्प उघडला, स्पेशल गेली. ज्योती वाकल्या. मग सात नंबर आली, चालकाने भीत भीत दार उघडलं, आणि काकू गुडघा धरून उठल्या.

"आज मागच्या गाडीने जातेच," त्या म्हणाल्या आणि चढल्या.

त्यांना एकटं कसं सोडायचं, म्हणून झेनोनकाका चढले. आपल्यावाचून काही घडायला नको, म्हणून गेनोवेफाबाई चढल्या. मग मेणबत्त्यांसकट सगळी इमारतच चढली! कालिनाने माणसं मोजली. फोनवर दारात माणसं मोजणाऱ्या यंत्राचा आकडा एकाने जास्त होता. झेनोनकाकांनी पुन्हा मोजली. तरीही एकच जास्त. गेनोवेफाबाईंनी काकूंच्या शेजारच्या सीटवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. दफनभूमी येईपर्यंत त्या सीटवर कुणीच बसलं नाही.

शुक्रवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये वाहतूक खात्याच्या बाईंनी आलेख दाखवला. सगळा आठवडा सपाट, आणि गुरुवारी एक रेघ शेतातल्या एकट्या पॉप्लरच्या झाडासारखी ताठ! कालिना अभिमानाने उभी राहणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या की ऑक्टोबरात ओल्शिनाला इतकी माणसं चढणं शक्य नाही. कधी शून्य, कधी हे असलं. दाराचं यंत्र बिघडलेलं दिसतंय. तेव्हा इथले जुने आकडेही धरता येणार नाहीत. नवं यंत्र बसवून वर्षभर मोजल्याशिवाय स्टॉप बंद करता येणार नाही.

झेनोनकाका खुलासा करायला उठले. गेनोवेफाबाईंनी त्यांना कोटाला धरून खाली ओढलं. काकूंनी शालीत तोंड लपवलं, त्यांचे खांदे मात्र हसण्याने हलत होते.

जाता जाता बाई कालिनासमोर थांबल्या. तो पडदा तूच केलास ना, म्हणून त्यांनी चौकशी केली आणि मायेने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"पोरी, आकड्यांवर आंधळा विश्वास ठेवू नये. कधीतरी स्टॉपवर जाऊन उभं राहावं. खरंच कोण चढतंय ते आपल्या डोळ्यांनी बघावं."

"हो, बाई," कालिना म्हणाली.