बायनाबाईचं ‘बरं आहे’

“उत्तर कोणाच्या तोंडात घालायचं नाही. नुसतं विचारायचं.” पाहणीला पाठवणाऱ्या कॉलेजच्या सरांचं हे बजावणं मनात घोळवत रोशनी चंद्रपूरच्या बाजारचौकात उभी राहिली. यंत्रावर शेहेचाळीस अंश, कागदावर ‘फार थंड’ ते ‘फार गरम’ असे सात चौकोन. ज्या चौकात लोकांना ऊन जास्त लागतं, तिथेच सावलीचं छत होणार होतं.

“आत्ता कसं वाटतं?” हे तिने सगळ्यांत आधी भाजीवाल्या बायनाबाईला विचारलं.

“बरं आहे,” घाम पुसत बायनाबाई हसली. वैशाखभर कशाचीच कुरकुर करायची नाही, असं तिचं व्रत होतं.

घोळ इथूनच सुरू झाला. शेजारचा कांदेवाला सोमाजी दुपट्टा पिळत म्हणाला, “साठीच्या बाईले बरं वाटते, अन् मी काय नाजूक आहो? लिही, बरं आहे!” रिक्षावाल्या देवाजीने त्याच्यावर कडी केली, “थोडं थंडच आहे.” बायनाबाईचा नवरा हरिदास तर सगळ्यांत मोठ्याने “बरं आहे” म्हणून गेला. चार दिवसांत, कागदावर तरी, चौकाचा थंड हवेचा चिखलदरा झाला.

रोशनी रडकुंडीला आली. “बाई, उद्या शेवटचा दिवस. छत दुसऱ्या चौकात जाईन. एकदा तरी गरम म्हणा ना!”

“व्रत अमावस्येले सुटते, पोरी. माह्या पालकाले विचार. पाह्य, कशी मान टाकून पडला.”

“पालकाचा रकाना नाई, बाई!”

बायनाबाईने मान वळवली. सोमाजी उत्तर देण्याआधी तिच्याच तोंडाकडे पाहत होता. देवाजीही. आपल्या पुण्यापायी सगळ्या चौकाची सावली चालली, हे तिला तेव्हा कळलं.

“उद्या तुले खरं उत्तर भेटन,” ती हळूच म्हणाली. “वचन.”

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून तिने दिवसभराचं मौन धरलं. अंगणातून हरिदास बोंबलत आला, “बापा रे, सकाळीच अंगार! भाजून निघालो ना!” बायको नुसतीच बघते, हे पाहून तो थबकला. “काऊन वं, बोलत काऊन नाई?”

तिने ओठांवर बोट ठेवलं, टोपली डोक्यावर घेतली आणि त्याचं मनगट धरलं.

“अवं, कुठी घेऊन चालली? मी नाई येत या उन्हात! जीव घेतं का माणसाचा?”

 त्याला तसंच ओरडू देत बायनाबाई चौकाकडे, रोशनी कागद घेऊन उभी होती तिकडे, निघाली.