पोमेड काही घट्ट होईना!

"त्यात काय मोठंसं? पाणी, जिलेटिन, ग्लिसरीन आणि चमचाभर एरंडेल. संध्याकाळपर्यंत केस चापून बसवायच्या पोमेडची डबी तयार!"

तिने दुपारी हे जाहीर केलं तेव्हा ऐकायला घरात तिघंजण होते. सासूबाईंनी चष्म्यावरून बघितलं. अकरा महिन्यांच्या छकुलीने जांभई दिली. आणि नवरा खिडकीपाशी बसला होता, तो बसूनच राहिला.

आठ महिने तो तिथेच बसत होता. कंपनीने माणसं कमी केली, त्यात हा गेला. सुरुवातीला दाढी करून बसायचा, मग नुसताच बसायला लागला. टाळूवरचा केसांचा झुपका मात्र रोज ताठ उभा. अख्ख्या घरात तेवढंच काय ते ताठ उरलं होतं! उद्या अकरा वाजता मुलाखत होती, एका गोदामात सुपरवायझरच्या जागेसाठी. आठ महिन्यांतली पहिलीच. तिथे काय विचारतील, हा काय उत्तर देईल, यातलं काहीच तिच्या हातात नव्हतं. झुपका होता.

"विकतचं आण की," सासूबाई म्हणाल्या.

"विकतच्या डबीवर काय काय लिहिलंय वाचलंत का, आई? ही बाबाचे केस ओढते आणि तीच मूठ तोंडात कोंबते!"

"मग तेल लाव."

"तेलाने झुपका बसत नाही हो, नुसता आडवा होतो. आणि दहा मिनिटांत उठतो!"

नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." हल्ली तो सगळ्यालाच तसं म्हणायचा.

जिलेटिन विरघळलं, एरंडेल घोटलं, डबी फ्रिजमध्ये गेली. घट्ट व्हायला चार तास. पण चार तास गप्प बसेल तर ती कसली! बाळ झोपलं की नाकाखाली बोट धरून श्वास तपासणारी ही बाई. दर पाच मिनिटांनी फ्रिज उघडायचा, डबीत बोट बुडवायचं. झोपलेल्या माणसाला गदागदा हलवून "लागली का झोप?" विचारावं, तसला प्रकार! संध्याकाळी बघते तर डबीत सूप.

जिलेटिन दुप्पट केलं. पुन्हा फ्रिज, पुन्हा बोट, पुन्हा सूप!

तिसऱ्या खेपेला तिने उरलेला पुडाच उपडा केला आणि सासूबाईंना फ्रिजसमोर खुर्ची टाकून बसवलं.

"चोर कोण येणारे, अगं?"

"मीच. मला हात लावू देऊ नका!"

सकाळी डबीत टायर! चमचा रोवला तर चमचा वाकला. मग तिने छकुलीची दुधाची बाटली कोमट करतात तशी डबी गरम पाण्यात धरली, मनगटावर थेंब टाकून बघितला आणि ते नवऱ्याच्या डोक्याला चोपडलं. झुपका बसला! इतका बसला की छकुलीने बाबाच्या डोक्यावर खुळखुळा हाणला, तर लाकडावर हाणल्यासारखा आवाज आला.

"कसं वाटतंय?"

"कुणीतरी डोक्यावर हात ठेवल्यासारखं," तो म्हणाला. आणि हसला. त्याला हसताना बघून तिला रडूच यायला लागलं, म्हणून ती घाईघाईने त्याचे बूट शोधायला गेली.

दुपारी दोनला बेल वाजली. दारात नवरा. डोक्यावर पिवळंजर्द हेल्मेट!

"अरे, हे काय?"

"गोदामात शिरताना सगळ्यांनाच घालायला लावतात."

"मग काढ ना आता!"

"निघत नाही."

आधी त्याला पत्र्याखालच्या उकाड्यात अर्धा तास गोदाम दाखवलं. हेल्मेटच्या आत पोमेड पार वितळलं. मग साहेबांच्या थंडगार एसी खोलीत मुलाखतीला बसवलं. आणि तिथे, कुणाचंही बोट न लागता, ते शांतपणे घट्ट झालं!

"साहेब म्हणाले, हेल्मेट काढून बसा. मी ओढलं. मग साहेबांनी ओढलं. मग शिपायाला बोलावलं, त्याने माझे खांदे धरले..."

"पुरे!" सासूबाई म्हणाल्या आणि पाणी तापवायला गेल्या.

त्याला न्हाणीघरात स्टुलावर बसवून ती हेल्मेटच्या कडेने कोमट पाणी सोडायला लागली. चार तांबे झाले तरी तिला विचारवेना. पाचव्याला तिने धीर केला.

"मग... काय म्हणाले शेवटी?"

"उद्या सकाळी नऊला बोलावलंय."

"काय सांगतोस!" तांब्या हातातून निसटलाच. "आई! ऐकलंत का? बोलावलंय!"

हेल्मेटखालून आवाज आला,

"हेल्मेट परत द्यायला."