गासड्यांचा तट फोडिला त्याची हकिकत

सकळ सुज्ञांनी चित्त देऊन ऐकावे. अमेरिकेचे मेन प्रांती, सेंट जॉन नदीतीरी, बटाट्याचे मुलखात मिशो घराणे नांदते. तेथील सून सौभाग्यवती ओडेटबाई यांनी कपडे वाळविण्याचे यंत्राचे कामी जी शर्थ केली, ती लिहितो.

घरचे वडील रोझेर मिशो, ज्यांस नातू जाहल्यापासून सारे पेपेर, म्हणजे आजोबा, म्हणत, ते दरसाल थंडीचे स्वारीपूर्वी जोत्याभोवती गवताच्या गासड्यांचा तट रचीत. यंदा पेपेरांस जोर आला आणि उत्तरेस दुहेरी थर दिला, आणि यंत्राची गरम हवा बाहेर सोडणारी नळी तटाआड गडप जाहली. मग यंत्राने बंड मांडिले. दुपटी तीन फेऱ्यांनीही ओलीच निघत. बाई दर खेपेस चाळणीवरचे तंतू काढीत, तरी पत्रा तापे आणि करपट वास सुटे. भिंतीपलीकडे आठ महिन्यांचे लेकरू तेओ निजे. बाईंचा जीव उडाला. यंत्र बंद करून, नळीपुढच्या गासड्या काढण्याची अर्जी घेऊन त्या हुजुरांत दाखल जाहल्या.

पेपेर न्याहारीस प्लोय नामक तिकडील घावनांस लोणी लावीत होते. तटास हात न लावण्याचे फर्मान सुटले.

"चाळीस वर्षं रचतोय, पोरी. पेटलं का कधी घर?"

"चाळीस वर्षं कपडे दोरीवर होते, पेपेर. यंत्र मार्चात आलं."

"गासडी काढलीस तर पाय गारठतील माझे!"

"मोजे देते की. ओले आहेत, चालतील?"

सासूबाई घावन उलटता उलटता फिसकन हसल्या आणि हुजूर अधिकच रुसले.

मग बाईंनी गासड्या ओढण्याचा लोखंडी आकडा उचलून एकट्याच कूच केले. बर्फ फोडिले, दोन गासड्या ओढिल्या, तो नळीचे तोंडावरची झडप उघडी अडकलेली आणि नळीत तंतूंची गोधडी थिजलेली. शेजारचे गवत भिजून वाफाळत होते. बाईंनी त्याची मूठ आणून पेपेरांचे ताटाशेजारी ठेविली.

पेपेरांनी बोटे खुपसली, वास घेतला आणि चेहरा उतरला. ओली गासडी आतून तापते आणि कोठार खाक करते, हे जन्माचे शेतकऱ्यास कोणी सांगावे?

"तेओला इकडे घे आधी," इतकेच बोलले. मग बूट चढवून उत्तरेचा सारा तट उधळिला, आणि लांब दांड्याचे ब्रशाने बादलीभर तंतू उपसले. तिसरे प्रहरी दुपटी एकाच फेरीत खडखडीत वाळली. फत्ते जाहली.

रविवारी चर्चचे पायरीवर पेपेरांनी गावास ताकीद दिली की, नळ्या तपासा, मी केव्हाचा सांगतोय. बाईंनी ऐकून घेतले. हल्ली दर शनिवारी हुजूर झडपेपुढे बर्फात गुडघे टेकून तंतू काढितात. माहे डिसेंबरात जय मिळाला तो एवढा, आणि तो येथे रुजू केला.