शेवट न वाचणारे मधुकरराव

आमच्या घाटंजीत शाळांना गोष्टींची पुस्तकं सुचवणारा एकच माणूस होता, आणि त्या माणसाने म्हणे एकाही पुस्तकाचा शेवट वाचलेला नव्हता. मधुकरराव. तहसिलीतून रिटायर झालेले. काखेत पिशवी, पिशवीत नवी पुस्तकं, आणि शेवटची चार पानं सोडून बाकी सगळं तोंडपाठ. "काहून हो, शेवट काहून नाही वाचला?" असं विचारलं तर कधी विजेची लाइन गेलेली असायची, कधी चहा उतू गेलेला असायचा, कधी चष्मा सापडायचा नाही. आता लाइन आमच्याकडे जायचीच, पण दरवेळी नेमकी शेवटच्या चार पानांवर? काय बाप्पा!

मी शाळेत गणित शिकवायचो. ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे का, तर ती दुसऱ्या कोणालाच नको होती. एक पुस्तक हरवलं की तपासणीत तोंड मी द्यायचं. तेव्हा कपाट बंद ठेवणं हेच माझं ग्रंथालय. मधुकररावांना ते अजिबात सहन व्हायचं नाही. आल्या आल्या विचारायचे, "कितीक फाटले?" एकही नाही म्हटलं की तोंड पाडून बसायचे. "मंग वाचले कोनं, झुरळायनं?"

पुस्तकं निवडायची त्यांची तऱ्हा न्यारीच होती. आमच्या हेडसरांना थोरामोठ्यांची चरित्रं हवी असत. हे म्हणायचे, "थोर व्हाले लय टाइम हाय त्यायले. आधी हसू तं द्या!" गोष्टीतला मुलगा पहाटे उठत असला, वर्गात पहिला येत असला, की पुस्तक बाद. "असं पोट्टं तुमी पायलं का कधी? मी तं नाही पायलं." आणि गोष्टीखाली तात्पर्य छापलेलं असलं, तर घरून कणकेची खळ आणून त्यावर कोरा कागद चिकटवायचे. शेवट वाचलेला नसताना तात्पर्य बरं सापडायचं! मी हे बोलून दाखवलं की म्हणायचे, "वास येते सर त्याचा."

पोरांना पुस्तक द्यायचे तेही वैद्यानं पुडी द्यावी तसं, चेहरा पाहून. रडक्याला माकडाचं, भांडकुदळीला भुताचं. पथ्य एकच. "मले शेवट मालूम नाही बाप्पा. वाचून झालं का ओट्यावर येजो अन् सांगजो." मग संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर पोट्ट्यांची गर्दी. हा सत्तरीचा माणूस कपाळावर हात मारतोय, "अरे बाप रे! मंग?" म्हणतोय. गल्लीला फुकटात तमाशा!

मग ती वर्षं आली. कापसाला भाव नाही, जो कापूस होता तो अळीनं खाल्लेला. माझ्या वर्गातले बाक एकेक करून रिकामे व्हायला लागले. कोणाचं घर यवतमाळला गेलं, कोणाचं वणीला कोळशाच्या कामावर. संध्याकाळी ओट्यावर मधुकरराव एकटेच. मी सायकलवरून जाताना काहीबाही विचारून थांबवायचे. भाजी काय भावानं भेटली, हेडसर कसे हायत. मला घरी जायची घाई असायची. एका पायावर उभा राहून उत्तरं द्यायचो आणि निघायचो.

त्यात सहावीतली सविताही गाव सोडून गेली. बापाला वणीला ट्रक भरायचं काम मिळालं, आणि सगळं घर दोन दिवसांत उठलं. तिच्याकडे शाळेचं पुस्तक होतं. बाजारात विकायला नेलेली शेळी सुटून एकटीच यष्टीत चढते, अशी ती गोष्ट. मधुकरराव शाळेत आले ते घाम पुसतच. "सर, वणीले चाला. शेळी अर्ध्यात राह्यली." मला वाटलं, बरं झालं, तपासणी तोंडावर आहे, पुस्तक तरी परत येईल.

रविवारी निघालो. पांढरकवड्याला गाडी बदलली. म्हातारा वाटेत मधेच म्हणाला, "भेटन ना हो थे पोट्टी?"

भेटली. ट्रकांच्या अड्ड्यामागे पत्र्याच्या खोल्या होत्या, त्यातल्या एकीपुढे भांडी घासत होती. आम्हाला पाहून आत पळाली आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पुस्तक घेऊन आली. मी हात पुढे केला. मधुकरराव उंबऱ्यावर बसले सुद्धा. "पुस्तक राहू दे. शेळीचं काय झालं थे सांग."

सविता सांगायला लागली. कंडक्टर शेळीला हाफ तिकीट देतो, शेवटच्या थांब्यावर सगळे उतरतात, शेळीला कोणीच घ्यायला येत नाही, मग कंडक्टरच तिला घरी नेतो. "अन् कंडक्टरच्या मायनं तिले भाकर देल्ली."

"भाकर नाही वं, सरकी!" मधुकरराव बोलून गेले.

सविता थांबली. माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. "आबाजी, तुमाले तं मालूम हाय. मंग कायले विचारता?"

मधुकरराव खाली पाहून धोतराच्या काठाला लागलेली कोळशाची भुकटी झटकत राहिले.

"सारंच मालूम हाय वं," ते म्हणाले. "साऱ्याच पुस्तकायचं. पन घरात दिवसभर माह्यासंग बोलाले कोनी नसते. तू सांगतं, तं तेवढा येळ कोनीतरी माह्याकडे पाहून बोलते."

 

सविता विचार करत होती. "मलेबी इथं कोनी नाही आबाजी," ती म्हणाली. "दुसरी गोष्ट सांगू? पुस्तकातली नाही. माह्या मनातली."

"सांग ना!"

"पन तिचा शेवट मलेच मालूम नाही अजून."

"असू दे," मधुकरराव म्हणाले आणि तिला जागा करून सरकून बसले.

परतीच्या यष्टीची वेळ होत आली होती. मी चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी बसलो.